अकरा बदाम आणि चार पुस्तकं

जून 2020 मधली गोष्ट. अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हा ब्लॅक माणूस 25 मे ला गेला, 9 मिनिटं 29 सेकंद मानेवर पोलिसाचा गुडघा, तो व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेला, आणि पुढच्या आठवड्यात आमच्या ऑफिसमध्ये (तेव्हा ऑफिस म्हणजे आमचं डायनिंग टेबल) एक रीडिंग सर्कल निघालं. वर्णद्वेष समजून घ्यायचा, दर दोन आठवड्यांनी एक पुस्तक, चर्चा झूमवर. पुस्तकांची यादी आली आणि यादीखाली एक ओळ होती की शक्यतो ब्लॅक मालकांच्या दुकानातून घ्या. मला हे फारच आवडलं. एक तर पुस्तकं घ्यायला निमित्त, आणि वर घरबसल्या काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटणार. मी दुसऱ्या शहरातलं एक छोटं दुकान शोधलं, चार पुस्तकं कार्टमध्ये टाकली, पैसे भरले आणि ऑर्डरचा स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. हो, टाकला. अकरा बदाम आले त्यावर.

तीन आठवडे झाले तरी पुस्तकांचा पत्ता नाही. चर्चा चार दिवसांवर आलेली, मी पुस्तक उघडलेलं सुद्धा नाही, आणि मला सगळ्यांसमोर ‘अजून आलं नाही’ म्हणायचं नव्हतं, म्हणून मी दुकानाला मेल लिहिला. त्यातलं एक वाक्य अजून आठवलं की कानशिलं तापतात. मी तुम्हाला सपोर्ट करायचा प्रयत्न करतेय पण सर्व्हिस अशी असेल तर कसं करायचं, अशा अर्थाचं होतं ते. शेवटी ऑर्डर कॅन्सल करा म्हणून लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं. पुस्तकं प्रकाशकाकडेच संपली आहेत, पुन्हा छपाई चालू आहे, आम्ही दुकानात दोघीच आहोत, पैसे परत केले आहेत, पुस्तकं कुठूनही मिळाली तरी वाचा. एवढंच. मी दोन किंडलवर घेतली, एक अ‍ॅमेझॉनवर मिळालं ते दोन दिवसांत दारात, आणि चौथं विसरले.

म्हणजे ज्या आठवड्यात मी समता वगैरे शिकायला बसले त्याच आठवड्यात दोन बायकांच्या दुकानाला मी गिऱ्हाइकाचा हिसका दाखवला. नंतर कळलं की त्या महिन्यात देशभरातल्या ब्लॅक दुकानांचं हेच झालेलं, वर्षभरात जेवढी ऑर्डर येत नाही तेवढी एका आठवड्यात आली, सगळ्यांना तीच दहा पुस्तकं हवी, आणि मग उशीर झाला म्हणून चिडके मेल. मी एकटी नव्हते, हे कळून बरं वाटायला हवं होतं पण नाही वाटलं.

रीडिंग सर्कलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पहिलं पुस्तक मला ट्रेनिंगच्या मॉड्यूलसारखं वाटलं, आपल्या आत डोकावून पाहा टाइप, गोऱ्या सहकाऱ्यांनी एकेक करून कबुली दिली, एकजण रडला, आम्ही पाच भारतीय कॅमेरे बंद करून बसलेलो. खरं सांगायचं तर आम्हाला वाटत होतं हे यांचं घरचं भांडण आहे, आपण शेजारी. सप्टेंबरपर्यंत सर्कल मिटलं.

पण किंडलवर घेतलेल्यातलं एक होतं फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र, 1845 चं, आणि ते मात्र मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचलं. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा, बाल्टिमोरच्या घरची मालकीण त्याला मुळाक्षरं शिकवायला लागते, तर नवरा येऊन थांबवतो, याला वाचता आलं तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही म्हणतो. आणि डग्लस लिहितो की त्या क्षणी मला रस्ता कळला. मग हा पोरगा काय करतो, तर घरातून खिशात पाव घेऊन निघतो आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना तो पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरं शिकतो. एक तुकडा पाव, एक धडा. मी तेव्हा लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखीच घरी पाव भाजत होते, त्यामुळे का कोण जाणे ते फारच लागलं.

1838 मध्ये तो पळाला, खलाशाच्या कपड्यांत, बाल्टिमोरहून ट्रेनने, बोटीने, आमच्या फिलाडेल्फियावरून न्यूयॉर्कला. पोचला पण ओळखीचं कुणी नाही, पैसे संपलेले, कुणावर विश्वास ठेवायचा कळेना, आणि तेव्हा त्याला आपल्या घरात घेतलं डेव्हिड रगल्स नावाच्या माणसाने. डग्लसचं लग्नसुद्धा याच रगल्सच्या घरी लागलं. आता हा रगल्स कोण म्हणून शोधायला गेले तर हा पुस्तकवाला! 1834 मध्ये न्यूयॉर्कच्या लिस्पेनार्ड स्ट्रीटवर त्याने दुकान काढलं, गुलामगिरीविरुद्धची पुस्तकं-पत्रकं ठेवायची, अमेरिकेतलं पहिलं ब्लॅक मालकाचं पुस्तकांचं दुकान म्हणतात ते हेच. दुसऱ्याच वर्षी जमावाने जाळलं.

इथे मी थांबले. कारण मी यादीतली पुस्तकं वाचत होते आणि दुकान म्हणजे माझ्यासाठी फक्त पुस्तकं जिथून येतात ती जागा होती, पिनकोडसारखी. कॅन्सल करता येणारी. दुकानालाच एक गोष्ट असते, आणि ती कधीकधी आतल्या पुस्तकांइतकीच मोठी असते हे डोक्यात आलंच नव्हतं.

मग मी दुकानांच्या मागे लागले. न्यूयॉर्कच्या हार्लेम या ब्लॅक वस्तीत 125 व्या रस्त्यावर लुईस मिशॉ नावाच्या माणसाचं दुकान होतं, तिसाच्या दशकात थोड्याशा पुस्तकांवर सुरू केलेलं, पुढे एवढं वाढलं की सगळं हार्लेम तिथे यायचं. बाहेर पाटी, अक्कलहुशारीचं घर आणि योग्य प्रचाराचं माहेर, अशा अर्थाची (माहेर माझं, बाकी त्यांचं). विकत घ्यायला पैसे नसतील तर बसून वाचा. ब्लॅक नेता माल्कम एक्स तिथे वाचायचा आणि दुकानासमोरच्या फुटपाथवर भाषणं करायचा. मग त्या जागेवर सरकारी इमारत बांधायची ठरली, दुकान हलवावं लागलं, आणि 1974 ला बंद. सॅन फ्रान्सिस्कोत जूलियन आणि रे रिचर्डसन या नवराबायकोने 1960 मध्ये मार्कस बुक्स काढलं, मार्कस गार्वी या जुन्या ब्लॅक नेत्याच्या नावाने. मूळचा त्यांचा छापखाना, आणि मिळत नसलेली जुनी ब्लॅक पुस्तकं ते स्वतः छापायचे. म्हणजे आऊट ऑफ स्टॉक असेल तर चिडका मेल नाही, सरळ यंत्र चालू! त्यांच्या फिलमोर वस्तीतून शहर सुधारणेच्या नावाखाली हजारो ब्लॅक कुटुंबं उठवली गेली. म्हणजे दुकान तेच, गिऱ्हाईकच राहिलं नाही आसपास. 2014 मध्ये ती शाखाही गेली, ओकलंडची अजून आहे.

आणि सगळ्यात कमाल म्हणजे एफबीआय. ऑक्टोबर 1968 मध्ये तिचा प्रमुख जे. एडगर हूवरने देशभरच्या ऑफिसांना लेखी आदेश काढला की आपापल्या भागातली ब्लॅक पुस्तकांची दुकानं हुडकून काढा आणि प्रत्येकाची वेगळी गुपचूप चौकशी लावा. मालक कोण, कुठल्या संघटनेचा मुखवटा आहे का, कसली पुस्तकं, किती, कुठून येतात, दुकानाची आर्थिक परिस्थिती कशी, गिऱ्हाईक कोण, तिथे बैठका होतात का. मी हे वाचून हसले आधी. म्हणजे विचार करा, सूट घातलेला सरकारी माणूस दुकानात उभा राहून शेल्फावरची पुस्तकं मोजतोय. पण मग लक्षात आलं की पुस्तकाची ताकद या माणसाला माझ्या रीडिंग सर्कलपेक्षा जास्त कळली होती. वॉशिंग्टनचं ड्रम अँड स्पिअर, जे त्याच वर्षी नागरी हक्क चळवळीतल्या पोरांनी काढलं होतं, त्याच्यावर पाळत होती. आणि पाळत असलेल्या दुकानांत एक नाव आमच्या फिलाडेल्फियाचं, हकीम्स बुकस्टोअर.

माझ्या घरापासून गाडीने पाऊण-एक तास. मी तेव्हा या भागात चौदा वर्षं राहत होते.

इथे थोडं थांबून आम्ही कुठे राहतो ते सांगायला हवं. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला सबर्ब आहेत, फार्मा कंपन्या, भरपूर भारतीय, दोन देवळं, गणपतीला ढोल-ताशा. आम्ही घर घ्यायला निघालो तेव्हा एजंट बाईंनी नकाशा नाही दाखवला, शाळांचे दहापैकी आकडे दाखवले, 9 आहे, 10 आहे, इकडे 3 आहे, तिकडे बघूच नका. आम्ही खूश. आकड्याला रंग नसतो ना! पुढे कधीतरी तीसच्या दशकातला फिलाडेल्फियाचा नकाशा बघितला, सरकारी गृहकर्ज संस्थेने शहराच्या वस्त्या रंगवलेल्या, हिरवं म्हणजे कर्ज द्यायला उत्तम, लाल म्हणजे धोका, आणि वस्तीत ब्लॅक लोक असणं हेच लाल व्हायला पुरेसं. घरांतला भेदभाव कायद्याने बंद झाला 1968 ला. तोवर तीस वर्षं ज्यांना कर्ज मिळालं त्यांच्या पोरांना घरं मिळाली, घरपट्टीवर शाळा चालतात, शाळांना 9 आणि 10 मिळाले. आमच्या पॉटलकमध्ये मात्र यावर एकच वाक्य असतं, ‘तो एरिया बरा नाहीये.’ आवाज थोडा खाली आणून. आणि कुणी त्यांच्यातलं चांगलं शिकलेलं भेटलं की ‘वाटत नाही हां त्यांच्यातला’. हे वाक्य मी कुठेतरी आधी ऐकलंय असं मला वाटायचं, पण कुठे ते तेव्हा लागत नव्हतं.

तर 2021 च्या उन्हाळ्यात एका शनिवारी मी आणि लेक निघालो. नवरा म्हणाला पार्किंग बघून कर हां, म्हणजे तेच वाक्य, फक्त पार्किंगचा शर्ट घातलेलं. बावन्नावा रस्ता म्हणजे वेस्ट फिलाडेल्फियाची जुनी बाजारपेठ. मार्केट स्ट्रीटला डोक्यावरून लोकलसारखी गाडी धडधडत जाते, खाली फुटपाथवर टेबलं मांडलेली, अत्तराच्या बाटल्या, उदबत्त्या, शिया बटर, टीशर्ट. मला एकदम दादर वेस्ट आठवलं, रानडे रोडचं तोंड. लेक म्हणाली तू एकदम हळू का चालतेस. वर्षभर आधी, 31 मे 2020 ला, फ्लॉइडनंतरच्या निदर्शनांत याच रस्त्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता, आसपासच्या घरांत तो शिरला, आणि पुढे 2023 मध्ये शहराला त्यापायी आणि हायवेवर निदर्शकांवर सोडलेल्या अश्रुधुरापायी 92.5 लाख डॉलरची तडजोड करावी लागली. आम्ही गेलो त्या दिवशी फक्त ऊन होतं आणि कुणाच्या तरी गाडीतलं मोठ्ठं गाणं.

हकीम्स छोटंसं आहे. दाऊद हकीम नावाच्या माणसाने 1959 मध्ये सुरू केलेलं. शाळेत आपल्या लोकांबद्दल काहीच शिकवत नाहीत तर निदान पुस्तकं तरी मिळावीत, ही मूळ कल्पना, आणि ते गेल्यावर मुलीने चालवलं. मी आत जाताना मनात सगळं ठरवून गेले होते की काय बोलायचं, मी भारतातून आलेय, तुमच्या दुकानाबद्दल वाचलंय, वगैरे. काहीच झालं नाही. लेकीने एक चित्रांचं पुस्तक घेतलं, मी डू बॉइसचं घेतलं, बिल झालं, पिशवी मिळाली, हॅव अ गुड वन, आम्ही बाहेर. गाडीत बसल्यावर मला चक्क हिरमुसल्यासारखं झालं आणि मग स्वतःचंच हसू आलं. मला काय हवं होतं, सत्कार? पुस्तकाच्या दुकानात जाऊन पुस्तक विकत घेतलं याबद्दल नारळ? दुकानाच्या बाजूने बघितलं तर ते अगदी बरोबर झालं. छापील किमतीच्या साधारण 40 टक्के दुकानाच्या हातात राहतात, त्यातून भाडं, वीज, पगार, त्यांना गिऱ्हाईक हवं असतं जे परत येईल. बदाम नकोत.

म्हणून परत जायला लागले. दोन-तीन महिन्यांतून एकदा. आता त्यात काही विशेष नाही.

डू बॉइसचं जे पुस्तक घेतलं ते ‘द फिलाडेल्फिया निग्रो’, 1899 चं. हा हार्वर्डचा डॉक्टरेट ब्लॅक माणूस, त्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने बोलावलं ते शिकवायला नाही, शहराच्या सातव्या वॉर्डातल्या ब्लॅक लोकांचा ‘प्रश्न’ काय आहे ते बघायला. तो बायकोबरोबर त्याच वॉर्डात राहिला आणि घरोघर फिरला, हजारो माणसांना स्वतः प्रश्न विचारले, भाडं किती, काम काय, मुलं किती, आणि निष्कर्ष काढला की तुम्ही ज्याला या लोकांचा दोष समजताय तो त्यांना मिळालेल्या वागणुकीचा परिणाम आहे. तक्ते आहेत, नकाशे आहेत, वाचायला सोपं अजिबात नाही. पण मी डेटाचंच काम करते, त्यामुळे मला ते यादीतल्या सगळ्या आत्मपरीक्षणवाल्या पुस्तकांपेक्षा जास्त भिडलं. माणूस चिडलेला आहे आणि चीड तक्त्यात भरतोय.

त्याच दरम्यान ओसेज अ‍ॅव्हेन्यू कळला. हकीम्सपासून पश्चिमेला दहाएक ब्लॉक. 13 मे 1985 ला फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी मूव्ह नावाच्या ब्लॅक गटाच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला. स्वतःच्या शहरात, राहत्या वस्तीत. आग लागली ती विझवली नाही, पसरू दिली, 11 माणसं मेली, त्यात 5 मुलं, आणि 61 घरं जळाली. आणि महापौर ब्लॅक होता. हे मला बरेच दिवस सुटत नव्हतं, कारण माझ्या डोक्यात वर्णद्वेष म्हणजे एक वाईट गोरा माणूस असं चित्र होतं, आणि इथे व्यवस्था चालवायला तो लागलाच नाही. लेकीला शाळेत दर फेब्रुवारीला रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग शिकवतात, नेमाने, पण तासाभराच्या अंतरावरचं हे नाही.

आपण शेजारी, हे जे वाटायचं ना, त्याचं काय झालं ते सांगते. भारतीयांना अमेरिकेत यायचा कोटा 1946 नंतर होता वर्षाला 100. शंभर माणसं, अख्ख्या देशातून! आमच्या नुसत्या गणपतीच्या आरतीला त्याहून जास्त असतात. तो कोट्याचा जुना प्रकार मोडला 1965 च्या कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्काच्या चळवळीच्या लाटेत आला, ज्यात ब्लॅक माणसांनी लाठ्या खाल्ल्या, कुत्री अंगावर घेतली. दार त्यांनी ढकललं आणि त्यातून आत आलो आम्ही, डिग्र्या घेऊन, आणि आत आल्यावर विचारतोय तो एरिया कसा आहे. हे मी एकदा पॉटलकमध्ये बोलले. एक काका म्हणाले बरोबर आहे पण आपण मेहनत केली ना. मग श्रीखंड आलं.

डू बॉइसवरून पुढचं मिळालं. त्याची कागदपत्रं मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅमहर्स्टला विद्यापीठात आहेत, बरीच ऑनलाइन दिसतात, त्यात 1946 चं एक टाइप केलेलं पत्र आहे, खाली सही बी. आर. आंबेडकर. अमेरिकेतल्या निग्रोंची परिस्थिती आणि भारतातल्या अस्पृश्यांची परिस्थिती यात इतकं साम्य आहे की अभ्यास करावाच लागतो, तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मिळतील का, असं विचारलंय. डू बॉइसने 31 जुलैला उत्तर दिलं, तुमचं नाव मला चांगलंच माहीत आहे म्हणून. बाबासाहेब कोलंबियात शिकले 1913 ते 1916, आणि कोलंबिया म्हणजे 116 वा रस्ता, हार्लेमला लागून.

आणि त्याच्याही आधी, 1873 मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त केलं म्हणून. ‘गुलामगिरी’ मला माहीत होतं, कसं? जोड्या लावा. अ गटात पुस्तकं, ब गटात लेखक. दोन मार्क घेतले आणि पान उलटलं. अर्पणपत्रिका मी पहिल्यांदा वाचली फिलाडेल्फियाच्या सबर्बमध्ये, फोनवर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. मग धोंडीराव आणि जोतीरावांचा तो सगळा संवाद वाचला, आणि खरं सांगते, पहिली वीस पानं मी चिडून वाचली, कारण तो माझ्या घराण्याबद्दल बोलत होता. डग्लस वाचताना मी पाव देणाऱ्या पोराच्या बाजूने होते. इथे मी त्या मालकाच्या घरातली होते. बाय द वे, फुल्यांनी ज्यांचे आभार मानले त्या सदाचारी लोकांनी पुढे फार दम धरला नाही. त्याच 1873 च्या एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला गोऱ्या टोळीने डझनावारी ब्लॅक माणसं मारली, आणि 1877 मध्ये केंद्र सरकारने दक्षिणेतलं सैन्य मागे घेऊन विषय सोडून दिला. आभार मात्र छापून राहिले.

आता शब्द बघा. रेसिझमला आपण वर्णद्वेष म्हणतो. पेपरवाले ब्लॅक माणसाला कृष्णवर्णीय लिहितात, एकदम सोवळं नेसवल्यासारखं. हा वर्ण कुठला, कातडीचा की चार वर्णांतला? एकच शब्द आहे, आणि मी चाळीस वर्षं तो वापरला, दक्षिण आफ्रिकेचा वर्णद्वेष, अमेरिकेतला वर्णद्वेष, आणि त्यात चातुर्वर्ण्यातला वर्ण मला कधी ऐकूच आला नाही. आणि ‘त्यांच्यातला वाटत नाही हां’ हे वाक्य कुठे ऐकलं होतं तेही तेव्हा लागलं. आमच्याच घरी. दादरला. बाबांच्या ऑफिसातले एक साहेब जेवून गेल्यावर.

मी शिवाजी पार्कची. चैत्यभूमी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. लहानपणापासून 6 डिसेंबर म्हणजे आमच्याकडे एक ठरलेला कार्यक्रम, दोन दिवस आधी भाजी आणून ठेवायची, रस्त्याकडच्या खिडक्या बंद, जमलं तर लोणावळा. गर्दी असते, घाण होते, बायकामुलींनी बाहेर पडू नये. दिवसभर खाली माणसं चालत असायची, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, कडेवर पोरं, विदर्भातून मराठवाड्यातून आलेली, आणि आम्ही पडद्याआडून बघायचो. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं, की ती माणसं पार्कात काय करतात. ती पुस्तकं विकत घेतात. ओळीने स्टॉल लागतात पुस्तकांचे. पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या माझ्या दादरमध्ये माझ्या खिडकीखाली दरवर्षी एवढा मोठा पुस्तकांचा बाजार भरायचा, आणि मला पुस्तकांचं दुकान सापडलं गाडीने पाऊण तास जाऊन, ते पण ऑफिसने यादी दिली म्हणून.

2023 च्या डिसेंबरमध्ये आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. 6 तारखेला सकाळी म्हटलं मी जरा पार्कात जाऊन येते. आई म्हणाली आज? मी म्हटलं हो, पुस्तकं बघायची आहेत. ती म्हणाली आयडियलमध्ये जा की, आज कशाला, आणि मग थोड्या वेळाने, पर्स पुढे धर. तिच्याशी वाद घातला नाही. तिच्या पिढीला दोष देणं मला फार सोपं जातं म्हणून मी ते हल्ली टाळते. हीच आजी व्हिडिओ कॉलवर माझ्या लेकीला म्हणते किती काळवंडलीस गं, आणि लेक मला विचारते काळवंडलीस म्हणजे काय, आणि मी सांगते म्हणजे टॅन. टॅन! ज्या 2020 च्या जुलैत फेअर अँड लव्हलीने नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट, कंपनी आणि मी दोघींनी एकाच वेळी नावं बदलली.

पार्कात धूळ होती, लाउडस्पीकरवर तीन बाजूंनी तीन भीमगीतं, पाण्याचे टँकर, मांडवात झोपलेली माणसं. आणि पुस्तकं. खाली ताडपत्रीवर, टेबलांवर, हातगाडीवर. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे गठ्ठे, संविधान सगळ्या साइझमध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’, वीस-तीस रुपयांच्या पुस्तिका. नऊवारीतल्या एक आजी नातवाकडून मागचं कव्हर वाचून घेत होत्या, सगळं, किंमतसुद्धा. मी एका स्टॉलवर उभी राहिले. मुक्ता साळवेचा निबंध होता, पातळशी पुस्तिका. 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापलेला, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी विचारतेय की वेद जर ब्राह्मणांचे तर मग आमचं धर्मपुस्तक कुठलं, आम्ही पुस्तकाशिवायचे. उभ्या उभ्या वाचला. दीडशेहून जास्त वर्षांनी तिच्याच लोकांनी अख्खं मैदान पुस्तकांनी भरलेलं, आणि पुस्तकाशिवायची मी उभी होते त्यात.

मुक्ता घेतली, ‘गुलामगिरी’ घेतलं, लेकीसाठी इंग्रजीतून ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ घेतलं. मला चौथं एक हवं होतं ते स्टॉलवर नव्हतं. दादा म्हणाले संपलं ताई, पुण्याहून येतंय, संध्याकाळपर्यंत येईल, थांबणार का? मी म्हटलं परत येते. त्यांनी एक चिठोऱ्यावर पुस्तकाचं नाव लिहून टेबलाच्या कडेला दगडाखाली ठेवलं. जीपेचा क्यूआर समोरच होता, गर्दीत नेटवर्क नव्हतं, तीनदा फिरलं आणि फेल. मी पर्समधून नोटा काढल्या, त्यांनी पुस्तकं पिशवीत घालून दिली आणि म्हणाले, ‘जय भीम, ताई.’

मी आयुष्यात तो शब्द तोंडाने उच्चारलेला नाही. पेपरात वाचलाय, भिंतीवर वाचलाय. तोंड उघडलं मी, आणि बाहेर आलं ‘थँक यू’.

मागच्या बाई ‘जय भीम दादा’ म्हणत माझ्या खांद्यावरून हात पुढे करून उभ्या होत्या. त्यांना संविधान हवं होतं, मोठ्या अक्षरातलं.